वर्षाचं धान्य, दोन खोल्यांचं घर : कोठी कशी लावावी आणि काय टाळावं

पुणे : मे महिना संपत आला की इंदापूर, बारामती, शिरूर, जुन्नर, भोरकडून पुण्याला येणाऱ्या एसटीत, टेम्पोत, कुणाच्या तरी गाडीच्या डिकीत धान्याची पोती दिसायला लागतात. गावी राहणारे आई-वडील शहरातल्या मुला-मुलीसाठी वर्षाची बेगमी पाठवतात. घरचा गहू, घरची ज्वारी, मावळ-भोरकडचा इंद्रायणी तांदूळ, थोडी तूरडाळ.

पण गावी वर्षभर टिकणारं हेच धान्य शहरातल्या दोन खोल्यांच्या घरात ऑगस्टपर्यंत किडतं. मग पोतं कचऱ्यात तरी जातं, नाही तर कुणीतरी सांगितलं म्हणून त्यात 'गोळी' टाकली जाते. पहिल्यात पैसा जातो, दुसऱ्यात जीव जाऊ शकतो. कोठी नीट लावली तर दोन्ही टळतं. त्याला महागडी ट्रॉली लागत नाही. धान्य कोरडं हवं, भांडं घट्ट बंद हवं आणि जुनं आधी संपवायची सवय हवी.

जुन्या घरांत कसं होतं?

पुण्याच्या कसबा, शनिवार, नारायण, सदाशिव पेठेतल्या जुन्या वाड्यांत स्वयंपाकघराजवळ कोठीची वेगळी खोली असायची. अंधारी, कोरडी आणि रोज न उघडणारी. गावाकडे कणगी होती, जमिनीखालचं पेव होतं, भिंतीतलं किंवा खणातलं बळद होतं. जुन्नरजवळ शिवनेरीवर अंबरखान्याची इमारत आजही पाहायला मिळते. बाजीराव रस्त्यावरच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जुन्या स्वयंपाकघरातली भांडीकुंडी मांडलेली आहेत. धान्य सांभाळणं हे तेव्हा किती मोठं काम होतं, ते यावरून कळतं.

या साठवणींमागे साधं शास्त्र होतं. कणगी शेणा-मातीने लिंपली की फटी बुजायच्या. पेव बंद केलं की आतली हवा संपत जायची आणि हवेवाचून किडे मरायचे. म्हणूनच पेव उघडल्यावर कुणी लगेच आत उतरत नसे, कारण आत माणसालाही श्वास घेता येत नाही. उतरंडीत मोठं मडकं खाली आणि लहान वर. रोज लागणारं हाताशी, क्वचित लागणारं तळाशी.

आज पेव नाही, पण हवाबंद डबा आहे. उतरंड नाही, पण कप्पे आहेत. पद्धत तीच ठेवता येते.

आधी हिशोब : किती लागतं, किती मावतं

कोठी बिघडण्याची सुरुवात बहुतेक वेळा गरजेपेक्षा जास्त भरण्यातून होते. आधी महिन्याचा खर्च मोजावा. उदाहरण म्हणून चार माणसांचं एक घर धरू. महिन्याला गहू १२ किलो, तांदूळ ६ किलो, ज्वारी-बाजरी ४ किलो, डाळी आणि कडधान्यं ३ किलो. एकूण २५ किलो. वर्षाचे झाले ३०० किलो, म्हणजे तीन क्विंटल.

एक क्विंटल गव्हाला साधारण १३० लिटर जागा लागते. दीड फूट व्यासाची आणि तीन फूट उंचीची पत्र्याची कोठी भरायला क्विंटलभर गहू लागतो. म्हणजे या घराला तशा तीन कोठ्या हव्यात. गावच्या घरात त्या बसतात. शहरातल्या एका खोलीत आणि स्वयंपाकघरात बसत नाहीत. मग पोती पलंगाखाली, बाल्कनीत, बाथरूमच्या भिंतीला टेकून उभी राहतात आणि तिथेच ओल धरतात.

यावर सोपा मार्ग आहे. गावी घर असेल तर वर्षाचं धान्य गावीच, मोठ्या कोठीत ठेवावं. शहरात एका वेळी दोन-तीन महिन्यांचंच न्यावं. वरच्या उदाहरणात तीन महिन्यांचे ७५ किलो होतात. एक लहान कोठी आणि चार-पाच डबे यात ते मावतं. पावसाळ्यासाठीचा वाटा मेअखेर किंवा जूनच्या सुरुवातीला, पाऊस लागण्याआधीच न्यावा.

रेशनचं धान्य मिळणाऱ्या घरांनी तेही हिशोबात धरावं. अन्नसुरक्षा कायद्यानुसार प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला ५ किलो, तर अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य मिळतं. ते दर महिन्याला येत असेल तर घरचा साठा त्या मानाने कमीच ठेवावा.

भरण्याआधी : वाळवणं आणि तपासणं

ओलं धान्य सोन्याच्या डब्यात ठेवलं तरी खराब होतं. गहू, ज्वारी, बाजरी, कडधान्यं कडक उन्हात दोन-तीन दिवस वाळवावीत. थेट जमिनीवर न पसरता ताडपत्री किंवा स्वच्छ चादरीवर पसरावीत.

धान्य वाळलं की नाही हे ओळखायच्या दोन पद्धती :

- दाणा दाताखाली धरावा. 'कट्' असा आवाज होऊन तुटला तर वाळला. दबला किंवा चेपला तर अजून ऊन हवं.
- कोरड्या काचेच्या बरणीत मूठभर धान्य आणि चमचाभर कोरडं मीठ घालून हलवावं. मीठ काचेला चिकटलं तर धान्यात ओल आहे.

उन्हातून आणलेलं गरम धान्य लगेच कोठीत भरू नये. पत्र्याला आतून घाम सुटतो आणि वरच्या थराला बुरशी येते. रात्रभर सावलीत गार होऊ द्यावं, मग भरावं. तांदूळ मात्र कडक उन्हात वाळवू नये, दाण्याला चिरा पडून कणी होते. त्याला सावलीतली हवा पुरते.

कोठीही तपासावी. मागच्या वर्षीचे किडे सांध्यात, झाकणाच्या कडेला, पोत्याच्या शिवणीत लपून असतात. कोठी धुऊन, पुसून, दिवसभर उन्हात ठेवावी. जुनी पोती उकळत्या पाण्यातून काढून पूर्ण वाळवावीत.

तीन टप्प्यांची कोठी

हा या सगळ्यातला मुख्य भाग आहे. सगळं धान्य एकाच भांड्यात ठेवून रोज उघडू नये. तीन टप्पे करावेत.

पहिला, मोठी कोठी. वर्षाचं किंवा तीन महिन्यांचं धान्य. ही महिन्यातून एकदाच उघडायची, तीही कोरड्या दिवशी. पाऊस पडत असताना उघडू नये.

दुसरा, महिन्याचा डबा. १० ते १५ किलोचा. मोठ्या कोठीतून यात महिन्याचं काढून घ्यायचं. दळण यातून द्यायचं.

तिसरा, ओट्याजवळचे छोटे डबे. आठवडाभराचं पीठ, तांदूळ, डाळ, साखर, पोहे. हे दिवसातून दहा वेळा उघडतात, वाफ लागते, ओला हात लागतो. खराब झालंच तर आठवड्याचं जातं, वर्षाचं वाचतं.

एक नियम कधीही मोडू नये. नवं धान्य जुन्यावर ओतू नये. डबा पूर्ण रिकामा करावा, तळाचा भुगा झटकावा, धुऊन कोरडा करावा आणि मगच नवं भरावं. तळाला राहिलेल्या मूठभर जुन्या धान्यातले सोंडे नव्या पोत्याला लागतात. डब्यावर चिकटपट्टी लावून भरल्याचा महिना लिहावा. आधी आलेलं आधी संपवावं.

डबे पारदर्शक असले तर काय संपत आलंय ते लगेच दिसतं आणि घरात असलेली वस्तू पुन्हा आणली जात नाही. पण मसाला आणि तेल उजेडात खराब होतं, त्यांना बंद कपाट हवं. स्टीलच्या डब्यांवर नावाची चिठ्ठी लावली की काम भागतं. तुळशीबागेत, रविवार पेठेत किंवा तालुक्याच्या बाजारात डबे घेताना चकाकी न बघता झाकण बघावं. ते सगळीकडून सारखं, घट्ट बसलं पाहिजे.

घरात कुठे काय ठेवावं

- ओट्याखाली, सिंकजवळ : खाण्याची कोणतीही वस्तू नको. नळ गळतो, झुरळं येतात. तिथे भांडी आणि साबण ठेवावा.
- गॅसच्या वर आणि शेजारी : मसाल्याची कपाटं सहसा इथेच असतात आणि हीच चूक होते. वाफ आणि उष्णतेने तिखटाचा रंग व वास जातो. रोजचा मिसळणाचा डबा तेवढा जवळ ठेवावा.
- फ्रिजच्या मागे, बाजूला : जागा उबदार असते. किडीला ऊब आवडते.
- माळा : हलकं आणि क्वचित लागणारं सामान. उन्हाळ्यात पत्र्याच्या छताखालचा माळा तापतो, तिथे तेल, शेंगदाणे, खोबरं नको.
- जमिनीवर : पोतं थेट फरशीवर नको. खाली लाकडी पाट किंवा विटांवर फळी ठेवावी आणि भिंतीपासून वीतभर अंतर सोडावं. पावसाळ्यात भिंतीची ओल पोत्यात उतरते. उंदीर-घुशीची लेंडीही अंतर सोडलं तरच दिसते.
- बाल्कनी : पावसाची झड येते. धान्य नको, पण जाळीच्या टोपलीत, सावलीला कांदे चालतात.

खेड, आंबेगाव, जुन्नरकडचा कांदा-बटाटा घरात येतो तो बहुतेक वेळा एकाच टोपलीत पडतो. दोन्ही वेगळे ठेवावेत, एकत्र ठेवले की लवकर खराब होतात. कांद्याला वारा हवा, बटाट्याला अंधार हवा. उजेडात बटाटा हिरवा पडतो. हिरवा भाग आणि कोंब विषारी असतात, ते खाऊ नयेत.

काय किती टिकतं?

- गहू, ज्वारी (अख्खी, वाळवलेली) : वर्षभर.
- गव्हाचं पीठ : साधारण तीन-चार आठवडे. पावसाळ्यात पंधरा दिवसांपुरतंच दळावं.
- बाजरीचं पीठ : आठवडाभर. बाजरीत तेलाचा अंश असतो, म्हणून पीठ लवकर कडू होतं. थोडं थोडं दळावं.
- रवा, बेसन, मैदा : एक-दोन महिने. रवा कोरडा भाजून, गार करून ठेवला तर जास्त टिकतो.
- शेंगदाणे : टरफलासह जास्त टिकतात. सोललेले महिना-दोन महिने, कूट आठवडाभर. बुरशी आलेले, काळे पडलेले दाणे निवडून टाकावेत. त्या बुरशीचं विष भाजून किंवा तळूनही जात नाही, ते यकृताला घातक असतं.
- लाल तिखट, काळा मसाला, गोडा मसाला : घट्ट बरणीत, अंधारात वर्षभर. दाबून भरून हिंगाचे खडे घालायची जुनी रीत आहे. ओला चमचा घालू नये.
- गूळ : पावसाळ्यात पाझरतो. कागदात गुंडाळून घट्ट डब्यात ठेवावा.
- मीठ, चिंच, लोणचं : काचेच्या किंवा चिनी मातीच्या बरणीत. कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यात आंबट पदार्थ कधीच ठेवू नयेत.
- तेल : नवं तेल जुन्यात ओतू नये. जुन्याचा खवटपणा नव्याला लागतो.

रवा, बेसन, मैद्याला वारंवार कीड लागत असेल तर नवं पाकीट आणल्यावर चार दिवस फ्रीजरमध्ये ठेवावं. किड्यांची अंडी मरतात. बाहेर काढल्यावर पाकीट न उघडता खोलीच्या तापमानाला येऊ द्यावं आणि मग डब्यात भरावं.

कीड येते कुठून?

डबा बंद होता, मग सोंडे कुठून आले, हा प्रश्न घरोघरी पडतो. उत्तर असं की ते धान्याबरोबरच आलेले असतात. सोंड्याची मादी दाण्याला भोक पाडून आत अंडी घालते आणि वरून भोक बुजवते. अळी दाण्यातच वाढते. उबदार हवेत साधारण महिनाभरात नवा किडा बाहेर पडतो. एक मादी तिच्या आयुष्यात तीनशेच्या आसपास अंडी घालते. म्हणून जूनमध्ये न दिसलेली कीड ऑगस्टमध्ये डबाभर होते.

मूग, मटकी, चवळी, हरभऱ्याचा भुंगा तर शेतातूनच येतो. दाण्यावर पांढरे ठिपके दिसले तर ती त्याची अंडी आहेत.

महिन्यातून एकदा कोठी तपासायची ती याचसाठी. हात कोपरापर्यंत आत घालावा. धान्य मध्येच गरम लागलं, पीठासारखा भुगा आला किंवा जाळी दिसली तर कीड आहे. त्याच दिवशी सगळं धान्य बाहेर काढावं, चाळावं, पाखडावं आणि उन्हात टाकावं.

घरगुती उपाय : कोणते चालतात, कोणते नाहीत

एरंडेल तेल : तूरडाळीला आणि गव्हाला चोळायची जुनी पद्धत चांगली आहे. डाळ-कडधान्याला किलोमागे चहाचा एक चमचा पुरतं. दाण्यावर पातळ थर बसला पाहिजे, चिकचिक नको. वापरण्याआधी डाळ गरम पाण्याने धुवावी.

कडुनिंबाचा पाला : सावलीत पूर्ण वाळवूनच घालावा. ओला पाला घातला तर धान्याला ओल मिळते आणि बुरशी येते. पाल्याने कीड येणं कमी होतं, पण लागलेली कीड मरत नाही.

राख : बियाण्यासाठी ठेवलेल्या कडधान्याला गोवरीची चाळलेली राख चांगली. खायच्या धान्याला मात्र धुण्या-पाखडण्याचं काम वाढतं.

बिब्बा : अनेक घरांत घालतात. पण त्याचं तेल अंगावर उततं. ठेवायचाच असेल तर फडक्यात घट्ट बांधून आणि मोजून ठेवावा, म्हणजे दळणात जाणार नाही.

हवाबंद पिशवी : जाड, अनेक थरांची पिशवी घट्ट बांधली की आतली हवा संपते आणि किडे मरतात. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाने आफ्रिकेतल्या चवळीसाठी अशी पिशवी तयार केली. तत्त्व आपल्या पेवाचंच आहे. धान्य मात्र पूर्ण वाळलेलं हवं, आणि पिशवीला भोक पडलं की उपयोग संपला.

बोरिक पावडर : नको. ती अन्नात मिसळायची वस्तू नाही. गहू धुतल्याशिवाय दळला जातो, म्हणजे पावडर थेट पोळीत येते. लहान मुलांना तिचा त्रास जास्त होतो.

पारद टिकडी : नको. पारद म्हणजे पारा. टिकडी फुटली, झिजली तर पारा धान्यात उतरतो.

गोळी घरात नकोच

धान्यात टाकायची 'गोळी' म्हणजे ॲल्युमिनियम फॉस्फाईड. हवेतल्या ओलाव्याने त्यातून फॉस्फिन नावाचा विषारी वायू निघतो. तो सोंड्याला मारतो आणि माणसालाही मारतो. त्यावर खास असा उतारा नाही.

ही गोळी गोदामासाठी आहे. धान्य ताडपत्रीखाली बंद करून, जागा रिकामी ठेवून, प्रशिक्षित माणसांनी वापरायची ती वस्तू आहे. कायद्याने तिची विक्री सरकारी यंत्रणा आणि कीड नियंत्रणाचं काम करणाऱ्यांपुरती मर्यादित केली आहे. १० आणि २० गोळ्यांच्या नळ्यांवर केंद्र सरकारने २००१ मध्येच पूर्ण बंदी घातली. तरीही कुठे सुटी गोळी मिळते आणि कापडात बांधून पोत्यात जाते. ते पोतं माणसं झोपतात त्याच खोलीत असतं. वायू फटीतून शेजारच्या खोलीतही जातो. एका खोलीत झोपलेल्या घरात लहान मुलांना आधी बाधा होते.

गावाहून पाठवलेल्या पोत्यात गोळी असेल आणि शहरातल्या घराला ते माहीतच नसेल, हा सगळ्यात मोठा धोका आहे. म्हणून पाठवणाऱ्याने गोळी टाकू नये आणि घेणाऱ्याने फोन करून विचारावं, "धान्यात काही टाकलंय का?"

घरात लसणासारखा किंवा सडक्या मासळीसारखा वास येत असेल, एकाच वेळी अनेकांना मळमळ, उलटी, छातीत दडपण, धाप, चक्कर असेल तर :

- सगळ्यांना ताबडतोब बाहेर मोकळ्या हवेत न्यावं. पोतं शोधायला पुन्हा आत जाऊ नये.
- १०८ वर फोन करावा आणि मोठ्या रुग्णालयात न्यावं.
- डॉक्टरांना 'धान्यातली गोळी' हे स्पष्ट सांगावं. जेवणातून बाधा झाली असं समजून वेळ जाऊ देऊ नये.
- गोळीवर पाणी ओतू नये. पाण्याने वायू जास्त वेगाने निघतो.
- बरं वाटलं तरी तपासणी करून घ्यावी. त्रास काही तासांनी वाढू शकतो.

पुराच्या भागात

पुण्यात १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचं धरण फुटलं आणि नदीकाठच्या पेठांत पाणी शिरलं. २५ जुलै २०२४ रोजी सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरी भागात पाणी घुसलं. दोन्ही वेळा महिना जुलैचा होता. म्हणजे पावसाळ्याची बेगमी नुकतीच भरून झालेली असते तेव्हाच पाणी येतं. नदी-ओढ्याकाठी तळमजल्यावर राहणाऱ्यांनी जून ते सप्टेंबर खालचा कप्पा रिकामा ठेवावा आणि धान्य कमरेच्या वर ठेवावं.

पुराच्या पाण्यात भिजलेलं धान्य वाळवून खाऊ नये. त्यात गटाराचं पाणी मिसळलेलं असतं. जीव कितीही तुटला तरी ते टाकावं.

थोडक्यात

- महिन्याचा खर्च मोजून साठा ठरवावा. वर्षाचं गावी, तीन महिन्यांचं शहरात.
- वाळवावं, गार करावं, मग भरावं.
- मोठी कोठी महिन्यातून एकदाच, कोरड्या दिवशी उघडावी आणि तेव्हाच कीड तपासावी.
- डब्यावर महिना लिहावा. नवं जुन्यावर ओतू नये.
- पोतं फळीवर, भिंतीपासून वीतभर दूर.
- एरंडेल आणि वाळलेला कडुनिंब चालेल. बोरिक, पारद आणि गोळी नको.
- गावाहून धान्य आलं की त्यात काही टाकलंय का, हे आधी विचारावं आणि मगच पोतं उघडावं.